आईच्या वहीतल्या पानांचा क्रम

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये कुणाच्याही घरी जेवायला गेलं की मला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही नेमकं काय करता?" तोवर बाकीच्यांचं सांगून झालेलं असतं. कुणी चिपमध्ये, कुणी क्लाउडमध्ये, कुणी नुकतंच लेऑफमध्ये. मी सांगते की सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली साधी माणसं हाताने लिहिलेल्या ज्या पोथ्यांतून प्रार्थना म्हणायची, त्या मी वाचते. एकदा एका काकांनी श्रीखंडाचा चमचा तसाच तोंडाजवळ धरून विचारलं होतं, "यात पुढे स्कोप काय?" मी म्हटलं, "काका, यात सगळा स्कोप मागेच." ते हसले, मीही हसले. हल्ली मला अशा हसण्याचाही कंटाळा येतो.

खरं सांगायचं तर माझं पोट त्या पोथ्यांवर चालत नाही. आठवड्यातले तीन दिवस मी दोन वेगवेगळ्या कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध लिहायला शिकवते. उरलेले दोन दिवस पूल ओलांडून पलीकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते. तिथे जुन्या प्रार्थनापोथ्यांच्या संग्रहाचं वर्णन लिहून द्यायचं तात्पुरतं काम मला मिळालं आहे. सगळंच सेमिस्टर ते सेमिस्टर. नवरा दुसऱ्या राज्यात, चँडलरला, चिपच्या कारखान्यात, तो दर दुसऱ्या शुक्रवारी येतो. घरी मी, नववीतली लेक आणि आई. बाबा गेल्यावर नागपूरचं घर बंद करून आईला मी इकडे आणलं. तेव्हा तिची विसराळू वृत्ती आम्ही वयावर ढकलत होतो. वर्षभरात डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आणि ढकलण्याची सोय संपली.

त्या ग्रंथालयातली एक पोथी माझ्याकडे गेल्या हिवाळ्यात आली. तळहातावर मावेल एवढी. कातड्याची पानं, एक बाजू पिवळसर, तिच्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके, दुसरी बाजू गुळगुळीत. प्रार्थना म्हणणारी स्वतःला 'मी पापी बाई' म्हणते, म्हणून पोथी बाईची. बाकी तिच्याबद्दल काही माहीत नाही. काळ्या शाईत प्रार्थना आणि लाल शाईत सूचना, की ही चित्रासमोर गुडघे टेकून पाच वेळा म्हणावी, ही प्रवासाला निघताना म्हणावी. एका चित्रातल्या देवाचा चेहरा ओठ लावून लावून पुसला गेला आहे. पुढे इंग्लंडच्या राजाने पोपशी फारकत घेतली आणि पोथ्यांतून त्याचं नाव काढायचा हुकूम सोडला, तेव्हा कुणीतरी 'पोप' हा शब्द सापडेल तिथे खरवडला आहे, पण इतक्या हलक्या हाताने की तो आजही वाचता येतो. हे करणारी बाई मला फार आवडली. सरकारी काम करावं तर असं.

पोथी म्हणजे पानांच्या घड्या एकमेकींना शिवलेल्या. या पोथीत त्या घड्या मागेपुढे झाल्या होत्या. एक प्रार्थना अर्ध्यात तुटायची आणि तिचं उरलेलं अंग वीस पानांनंतर भेटायचं. लाल शाई ओली असताना समोरच्या पानावर तिचा उलटा ठसा उमटतो. त्या ठशांवरून मूळचा क्रम मी दोन आठवड्यांत जुळवला आणि वर्णनात लिहिलं, 'पानांचा क्रम चुकलेला.' शिफारसही केली, की पोथीचे फोटो वेबसाइटवर टाकताना मूळ क्रमाने टाकावेत. दोन प्रार्थनांच्या मधल्या कोऱ्या जागेत निराळ्या लेखणीने दोन ओळी होत्या. कुणीतरी समुद्रापलीकडे गेलं आहे, देवाने त्याला सुखरूप पोचवावं, अशा अर्थाच्या. त्या ओळी मी 'इतर, असंबद्ध मजकूर' या सदरात टाकल्या. मला घाई होती, दोन वाजता निघाले नाही तर ८८० नंबरचा फ्रीवे तुंबतो आणि लेकीची शाळा सुटते.

आता आईची वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाळेत मिळते तशी. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. चाळीस वर्षांत तिने त्या वहीत स्तोत्रं, आरत्या, अभंग, व्रतांच्या कहाण्या उतरवून घेतल्या होत्या. काही शेजारणींच्या वह्यांवरून, काही कीर्तनाला बसल्या बसल्या. मथळे सगळे लाल पेनने, कारण मुलांच्या वह्या तपासायचा लाल पेन तिच्या पर्समध्ये कायम असे. मधूनमधून भलतंच काही. स्वेटरच्या गळ्याचे टाके, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, माझ्या गोवराच्या वेळचं औषध. शिवण केव्हाच उसवली होती. साठ-पासष्ट सुटी पानं एका खणाच्या कापडात बांधून ती रोज देवापुढे ठेवायची.

आमच्या टाउनहाउसमध्ये देव स्वयंपाकघरातल्या एका कपाटात आहेत, मायक्रोवेव्हच्या शेजारी. आई सकाळी अंघोळ करून त्यांच्यापुढे स्टुलावर बसायची, कापड सोडायची आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवायची. पुढचा पाऊण तास ती जशी होती तशी असायची. काल काय जेवली ते तिला सांगता येत नसे, नातीचं नाव ती कधी बरोबर घ्यायची, कधी माझ्या मावशीचं घ्यायची. पण वहीपुढे आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, मधे थांबून मला "दूध उतू जातंय बघ" म्हणण्याइतकं भान. त्या पाऊण तासात मी डबे भरायचे, दोन-चार निबंध तपासायचे. दिवसभरात आम्हाला आमची आई तेवढीच मिळायची, आणि मला ते पुरत होतं.

मार्चमध्ये एकदा पान उलटताना कोपरा मोडून तिच्या हातात आला. तिने तो तुकडा माझ्यापुढे धरला. शाळेत मूल मोडकी पेन्सिल धरतं तसा. पानं कडेने तपकिरी पडून पापडासारखी झाली होती, ते मला आधीच दिसत होतं. मला वाटलं, हे एक काम तरी मला येतं. तिच्या डोक्यात जे चाललं होतं त्याला मी काही करू शकत नव्हते. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेणं आणि कॅन्सल करणं एवढंच हातात होतं. पण जुनी पानं वाचवणं हा माझा धंदा होता.

"आई, तुझी वही मी नीट करून देऊ?" मी विचारलं.

"तू शिकलीस ना त्यातलं," ती म्हणाली. "कर की. मला काय कळतं."

वसंताच्या सुटीत दोन दिवस मी जेवणाच्या टेबलावर बसले. मऊ ब्रशने पानं झटकली. प्रत्येक पान स्वच्छ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. आणि करता करता लक्षात आलं की पानं भलत्याच क्रमाने लागली आहेत. एका स्तोत्राचा पूर्वार्ध इथे, उत्तरार्ध तिथे. मला अगदी स्फुरण चढलं. शाई कुठे निळी आहे, कुठे काळी, अक्षर कुठे तरुण आहे, कुठे चष्मा लागल्यावरचं, शिवणीची भोकं कशी जुळतात, सगळं पाहून मी वही जशी लिहिली गेली त्या क्रमाने लावली. टाके, गॅस, औषधं असली पानं वेगळी काढून शेवटी ठेवली. मग सगळं एका सुंदर निळ्या फाइलमध्ये अडकवलं. इतकं नेटकं काम मी ग्रंथालयातही केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते. लेक जिन्यावरून म्हणाली, "मॉम, आजी इज नॉट डुइंग हर थिंग. शी इज जस्ट सिटिंग देअर."

आई फाइल उघडून बसली होती. पहिलं पान म्हणून झालं होतं. तिने पाकीट उलटलं, बोट ठेवलं, ओठ हलवले आणि थांबली. परत मागे गेली. परत पहिलं पान म्हटलं. परत तिथेच थांबली. मी म्हटलं, "आई, पुढचं वाच ना. आता सगळं सरळ लागलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "ही कुणाची वही आहे गं?"

मी म्हटलं, "तुझीच." ती म्हणाली, "माझी नाही." आणि फाइल मिटून अगदी सभ्यपणे माझ्या हातात दिली.

पुढचे तीन आठवडे मला लिहायलाही नको वाटतात. देवाचं झालेलं नाही एवढं तिच्या मनात राहायचं, म्हणून ती पुन्हा अंघोळीला जायची. सकाळी, अकराला, कधी लेक शाळेतून आल्यावर. बाहेर येऊन स्टुलावर बसायची, फाइल उघडायची, मिटायची आणि उठून परत बाथरूमकडे निघायची. हातांची कातडी कोरडी पडून भेगाळली. मी पाकिटं काढून पानं मोकळी केली, जुन्या खणात बांधून दिली. तिने कापड ओळखलं, त्यावरून हात फिरवला, पण दुसऱ्या पानावर गाडी अडायची ती अडायचीच. मी शेजारी बसून पुढची ओळ सांगायचे, ती शाळामास्तरणीच्या आवाजात म्हणायची, "हे नाही आत्ता." मग काय आत्ता, असं मी ओरडले एकदा. तिला ते सांगता येत असतं तर प्रश्नच नव्हता. माझ्याच आईवर ओरडून मी कॉलेजला गेले आणि एकोणीस वर्षांच्या पोरांना मुद्दे क्रमाने कसे मांडावेत ते शिकवलं.

कळायला वेळ लागला, पण कळलं. तिला शब्द सगळे पाठ होते. म्हणायला तिला वही लागतच नव्हती. याच्यानंतर काय, एवढंच ती वही तिला सांगायची. पानं सुटत गेली तशी तिने ती आपल्या रोजच्या क्रमाने लावली होती, आधी हे, मग ते, मंगळवारचं इथे. तो क्रम डोक्यातून गेल्यावरही कापडात शिल्लक होता आणि मी तो मोडला होता. मुळात फोटो काढले असते तर अर्ध्या तासात सगळं परत लावता आलं असतं. हात लावण्याआधी जसं आहे तसं टिपून ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ग्रंथालयात मी तो कधी मोडला नाही. घरी मोडला, कारण घरी कोण विचारतंय.

ग्रंथालयातल्या आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्तीला आल्या आहेत. फार बोलत नाहीत. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आधी फोटो काढले होतेस ना?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, मला वाटलं आता दोन शब्द सुनावतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग मळ बघ."

मळ. ती इंग्रजी पोथी माझ्यापुढे फोमच्या उशीवर उघडी होती. मी तिच्या लाल शाईचे ठसे मोजले होते. तिच्या पानांच्या खालच्या कोपऱ्यांना बोटांचा काळपट मळ होता, तो 'मळ' एवढं लिहून सोडून दिला होता. आता पाहिलं तर तो मळ एका पानावरून समोरच्या पानावर सलग गेला होता, आणि तो गेला होता चुकलेल्या क्रमात. म्हणजे त्या बाईने, किंवा तिच्या लेकीने, पोथी याच क्रमाने वर्षानुवर्षं म्हटली होती. बहुतेक तशीच बांधून मागितली असेल. आणि मी सहाशे वर्षांनी येऊन तिला सांगत होते की बाई, तुझं चुकलं.

त्या शनिवारी नवरा आला होता. तो आईला तळ्यावर फिरायला घेऊन गेला आणि मी परत त्याच टेबलावर बसले. या वेळी अक्षराकडे बघितलंच नाही. फक्त डाग बघितले. निरांजनातल्या तुपाचा डाग एका पानातून दुसऱ्यात मुरतो, दोन्हीकडे तीच आकृती, फक्त उलटी. कुंकवाचा ठिपका समोरच्या पानावर फिका उमटतो. अष्टगंध, हळदीचं बोट, उदबत्तीची राख. एकेक पान उचलून त्याची जोडी शोधायची. ब्रशने मी झटकलं होतं ते आठवून मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण तूप आणि कुंकू ब्रशने जात नाही. संध्याकाळपर्यंत पन्नासेक पानांची माळ लागली. रविवारी आणखी काही. चार पानांना डागच नव्हते, ती कुठली ते मला आजही माहीत नाही.

आणि एके ठिकाणी माळ तुटत होती. एका अभंगाच्या पानाच्या पाठीवर कुंकवाचा मोठा, जाड डाग होता. त्याची जोडी कुठेच सापडेना. पुढच्या पानावरही तसाच फिका डाग, पण या दोघांचा आकार एकमेकांशी जुळेना. मधे काहीतरी होतं. सगळी देवाची पानं तपासून झाली. मग मी शेवटी वेगळं काढलेलं ते चिल्लर उघडलं.

ते पान एका बाजूला स्वेटरच्या टाक्यांचं होतं. दुसऱ्या बाजूला आईचं मधल्या वयातलं अक्षर, निळी शाई, दोन ओळी. 'पोर आज अमेरिकेला गेली. पोचल्याचा फोन यायचा आहे.' त्या ओळींवर कुंकू इतक्यांदा लागलं होतं की कागद तिथे लालसर आणि मेणासारखा झाला होता. सबंध वहीत इतकं वापरलेलं पान दुसरं नव्हतं.

फोन मी केला होता. पोचल्या दिवशीच, विमानतळावरच्या कार्डाच्या फोनवरून. आईनेच उचलला होता. पण तिने तो वहीत लिहिला नाही, आणि त्यानंतरची इतकी वर्षं रोज सकाळी एका अभंगानंतर आणि दुसऱ्या स्तोत्राआधी ती ते पान म्हणत आली होती. माझ्यासमोर बसूनसुद्धा. मी पाच पावलांवर निबंध तपासत असायचे. मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं, कारण देवाचं म्हणजे देवाचंच असणार असं मी धरून चालले होते. त्या टेबलावर मी बराच वेळ बसून राहिले. रडू आलं नाही, फार दमल्यासारखं झालं. इतक्या वर्षांची ये-जा, व्हिसा, सेमिस्टरं, पूल, फ्रीवे, आणि तिकडे रोज कुणीतरी मला पोचवत होतं.

सोमवारी मी पहिल्या तासाची सुटी टाकली. आईची अंघोळ झाली. मी कापड तिच्यापुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. तिने गाठ सोडली. पहिलं पान म्हटलं, उलटलं, थांबली नाही. दुसरं, तिसरं. आवाज पूर्वीचा नव्हता, मधे मधे पुसट व्हायचा. तीन आठवडे वाया गेले होते आणि तिच्यासारख्यांचं जे जातं ते सगळं परत येत नाही. पण बोट ओळीखालून सरकत होतं. जिथे मला जोड सापडली नव्हती तिथे ती अडखळली, आणि मग सोडून पुढे गेली.

अभंग संपला. तिने पान उलटलं. टाक्यांच्या पानाची मागची बाजू समोर आली. कुंकवाच्या वाटीत बोट बुडवून त्या दोन ओळींवर लावलं आणि मोठ्याने म्हटलं, "पोर आज अमेरिकेला गेली. पोचल्याचा फोन यायचा आहे."

आणि तिथे ती थांबली. पुढचं पान मी बरोबर लावलं होतं, मला खात्री होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरातल्या कुणाकडे तरी बघावं तसं, पण मी कोण ते त्या नजरेत नव्हतं.

"आला का हो फोन?" तिने विचारलं.

"आला," मी म्हटलं.

"पोचली?"

"पोचली, काकू. सुखरूप आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने पान उलटलं.